टॉर्पेडो अंगावर आला, आता काय? 'कोल्ड वॉटर्स'मध्ये पाणबुडी वाचवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किलरफिश गेम्सचा 'कोल्ड वॉटर्स' हा पाणबुडी चालवण्याचा कम्प्युटर गेम २०१७ च्या जूनमध्ये आला, तेव्हापासून मी तो खेळतोय आणि तेव्हापासून बुडतोय. सुरुवातीला मिशन सुरू झाल्यावर दहा मिनिटांत तळ गाठायचो. आता बहुतेक वेळा बंदरात परत येतो. मधल्या काळात मित्रांनी आणि मित्रांच्या मित्रांनी तेच तेच प्रश्न इतक्यांदा विचारले की एकदाच बसून सगळं लिहून काढलं. शत्रूची जहाजं कशी बुडवायची ते इथे नाही. इथे फक्त जीव कसा वाचवायचा एवढंच आहे.

सोनारवाला (पाण्यातले आवाज ऐकत बसणारा) "टॉर्पेडो पाण्यात!" म्हणून ओरडला. पहिलं काय करू?

टाइम कम्प्रेशन, म्हणजे गेममधला वेळ भराभर पळवायची सोय, चालू असेल तर आधी ते बंद करा. हसू नका, माझ्या निम्म्या पाणबुड्या याच एका चुकीने गेल्या आहेत.

मग सुकाणूला हात लावण्याआधी नकाशा बघा. टॉर्पेडो कोणत्या दिशेला आहे, आणि ती दिशा बदलतेय का? समुद्रावरचा जुना नियम आहे: समोरच्या जहाजाची दिशा बदलत नसेल आणि अंतर कमी होत असेल, तर टक्कर होणार. टॉर्पेडोलाही हाच नियम लागू. दिशा भराभर सरकत असेल तर तो तुमच्या पुढून किंवा मागून निघून जाणार आहे. अशा वेळी घाबरून पूर्ण वेग दिला, तर जो टॉर्पेडो तुम्हाला ऐकत नव्हता त्याला तुम्ही स्वतःच हाक मारून बोलावता.

बऱ्याचदा शत्रूने तुम्हाला नीट पकडलेलंच नसतं. तुम्ही सोडलेल्या टॉर्पेडोचा आवाज ऐकून तो त्याच दिशेने एक टॉर्पेडो उलटा फेकतो, अंधारात दगड भिरकावल्यासारखा. अशा दगडासमोरून बाजूला झालं की काम भागतं.

शेपूट फिरवून सरळ पळालं तर सुटका होते का?

कधी होते, कधी नाही. ते नशिबावर नाही, भागाकारावर ठरतं. हा हिशोब एकदा डोक्यात बसला की अर्धी भीती जाते, म्हणून तो सविस्तर मांडतो.

समजा टॉर्पेडोचा वेग ४० नॉट आणि पल्ला १५ किलोमीटर. सोव्हिएत सेट-६५ साधारण याच जातीतला. एक नॉट म्हणजे मिनिटाला जवळपास ३१ मीटर. म्हणजे हा टॉर्पेडो मिनिटाला सव्वा किलोमीटर कापतो आणि बारा मिनिटांत त्याची बॅटरी संपते. तुम्ही २५ नॉटने त्याच्यापासून दूर पळताय, तर त्याच बारा मिनिटांत तुम्ही सव्वानऊ किलोमीटरच्या आसपास गेलेले असता. पंधरातून सव्वानऊ वजा केले की पावणेसहा उरले. याचा अर्थ, टॉर्पेडो सुटला तेव्हा तुमच्यातलं अंतर पावणेसहा किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर तो तुम्हाला गाठूच शकत नाही. मागे येत येत दमून तळाला जातो.

आता यात खोट कुठे आहे ते बघा. हिशोबात तुम्ही पहिल्या सेकंदापासून २५ नॉटने धावताय. प्रत्यक्षात तुम्ही पाच नॉटने गुपचूप रांगत असता, तोंड शत्रूकडे असतं, आणि पाणबुडी ही रिक्षा नव्हे. अमेरिकेची लॉस एंजेलिस वर्गाची पाणबुडी ११० मीटर लांब आणि पाण्याखाली सुमारे सात हजार टनांची आहे. ती वळायला आणि वेग पकडायला वेळ खाते, आणि तेवढा वेळ टॉर्पेडो सव्वा किलोमीटर दर मिनिटाने येतच असतो. म्हणून पावणेसहावर मी किमान दोन किलोमीटर वाढवूनच धरतो.

टॉर्पेडो वेगवान आणि लांब पल्ल्याचा असेल, समजा ५० नॉट आणि ३० किलोमीटर, तर हाच हिशोब पंधरा किलोमीटरवर जातो. तेवढ्या अंतरावरून कोणी तुमच्यावर टॉर्पेडो सोडलाय हे तुम्हाला कळलं तरी खूप झालं. तिथे नुसतं पळून भागत नाही.

मग पळायचं कोणत्या दिशेला? बरोबर विरुद्ध?

नाही. दोन कारणं आहेत.

पहिलं म्हणजे तुमचे स्वतःचे कान. पाणबुडीला बरोबर मागचं ऐकू येत नाही. तिचाच पंखा आणि यंत्रांचा आवाज तिथे असतो. या बहिऱ्या पट्ट्याला बॅफल्स म्हणतात. टॉर्पेडो बरोबर शेपटीमागे घेतला की तो कुठे आहे, तुमच्यामागे वळला की सरळ गेला, हे कळायचा मार्गच बंद होतो. घड्याळाच्या भाषेत तो चारच्या किंवा आठच्या काट्यावर ठेवा. थोडा वेग वाया जातो, पण तो ऐकू येत राहतो.

दुसरं कारण महत्त्वाचं. टॉर्पेडोला सगळीकडचं ऐकू येत नाही. विजेरीच्या झोतासारखा त्याच्या नाकासमोर एक शंकू असतो, त्यातलंच त्याला कळतं. सोडणाऱ्याने तो तुम्ही जिथे असाल असा अंदाज करून तिथे पाठवलेला असतो. तुम्ही सरळ मागे पळालात तर त्याच रेषेवर राहता, म्हणजे झोताच्या मधोमध. आडवे निघालात तर झोताबाहेर पडायची संधी असते. चार किलोमीटरवरून ४० नॉटचा टॉर्पेडो यायला सव्वातीन मिनिटं लागतात. तेवढ्यात तुम्ही २० नॉटने आडवे गेलात तर कागदावर दोन किलोमीटर बाजूला सरकता. प्रत्यक्षात दीड धरा. तरी पुष्कळ आहे.

माझी सवय सांगतो. टॉर्पेडो लांब असेल आणि त्याने अजून मला पकडलेलं नसेल, तर आडवं जायचं आणि आवाज न करता जायचं. तो मागे लागलाच, तर चार-आठच्या काट्यावर घेऊन पळायचं. हा क्रम उलटा केला की गडबड होते.

नॉइझमेकर टाकतो, तरी टॉर्पेडो येऊन लागतोच. माझं काय चुकतंय?

सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच. बहुतेक वेळा चूक एकच असते: नॉइझमेकर टाकून तुम्ही त्याच दिशेने, त्याच खोलीवर पुढे जात राहता.

नॉइझमेकर म्हणजे पाण्यात सोडलेला बुडबुड्यांचा आणि आवाजाचा गोळा. तो टॉर्पेडोला मारत नाही, थोडा वेळ भुलवतो. टॉर्पेडो त्याच्यावर झेपावतो, त्यातून आरपार जातो, पलीकडे काही लागलं नाही की पुन्हा शोधायला लागतो. आता तो आरपार गेल्यावर त्याच्या नाकासमोर कोण असेल? तुम्ही सरळ पळत असाल तर तुम्हीच. मृगजळ ओलांडल्यावर पलीकडे खरं पाणी सापडावं तसं त्याचं होतं.

खो-खोमध्ये पाठलाग करणारा अगदी जवळ आला की पळणारा एका बाजूला झुकल्यासारखं करतो आणि दुसऱ्या बाजूने सटकतो. हूल आणि सटकणं ही एकच हालचाल असते. नुसती हूल देऊन उभा राहणारा पहिल्या मिनिटात बाद. नॉइझमेकर ही तुमची हूल. तो टाकला की लगेच वळा, साठ ते नव्वद अंश, आणि खोलीही बदला. गोळा तुमच्या आणि टॉर्पेडोच्या मध्ये राहील असं वळण घ्या, म्हणजे त्याच्या आडोशाने तुम्ही बाजूला व्हाल.

दुसरी चूक वेळेची. टॉर्पेडो आठ किलोमीटरवर असताना घाबरून दोन-तीन गोळे टाकले जातात. तो येईपर्यंत ते विझून गेलेले असतात, आणि नॉइझमेकर मोजकेच मिळतात. त्यातून शत्रूला तुमचा पत्ताही कळतो. टॉर्पेडो तुम्हाला पकडून सरळ अंगावर यायला लागला, तेव्हाच पहिला टाका. ऍक्टिव्ह टॉर्पेडोचे, म्हणजे स्वतः आवाज सोडून शोधणाऱ्या टॉर्पेडोचे, पिंग भराभर यायला लागले की समजायचं त्याला काहीतरी सापडलंय.

आणि फार उशीरही नको. अगदी शेपटीशी आल्यावर टाकलेला गोळा टॉर्पेडो दोन सेकंदांत पार करतो. तेवढ्यात सात हजार टन कुठेही हलत नाहीत. साधारण हजार-दीड हजार मीटरवर मी पहिला टाकतो. तुमचा आकडा वेगळा असेल, तो पाणबुडीवर आणि हाताच्या सवयीवर आहे.

ऍक्टिव्ह आणि पॅसिव्ह टॉर्पेडोला वेगवेगळं चुकवायचं असतं का?

हो, आणि हे बरेच जण मनावर घेत नाहीत.

पॅसिव्ह टॉर्पेडो फक्त ऐकतो. त्याच्यासाठी तुम्ही म्हणजे तुमचा आवाज. वेग वाढवला की पंख्याच्या पात्यांवर पाण्याचे बुडबुडे तयार होऊन फुटायला लागतात, त्याला कॅव्हिटेशन म्हणतात. ते सुरू झालं की तुम्ही ढोलताशा घेऊन निघालात असं समजा. अशा टॉर्पेडोपुढे हळू होणं हा खरोखरचा उपाय आहे, विशेषतः दुसरीकडे नॉइझमेकर वाजत असताना. जितकं खोल जाल तितका पाण्याचा दाब जास्त, आणि कॅव्हिटेशन तितक्या जास्त वेगाला सुरू होतं. म्हणून खोलवर जास्त वेग परवडतो.

ऍक्टिव्ह टॉर्पेडो स्वतः पिंग मारतो आणि प्रतिध्वनी ऐकतो. तुम्ही श्वास रोखून थांबलात तरी ११० मीटरचं लोखंड प्रतिध्वनी देणारच. इथे शांतता नाही, आकार महत्त्वाचा. आडवी पाणबुडी म्हणजे भिंत, नाक किंवा शेपूट दाखवणारी पाणबुडी म्हणजे खांब. त्याच्या पट्ट्यातून बाहेर पडेपर्यंत आडवं जाणं ठीक, पण त्याने पकडल्यावर भिंत दाखवत राहू नका.

कोणता आलाय हे कसं ओळखायचं? पिंग ऐकू आला तर ऍक्टिव्ह. ऐकू येत नसेल तर पॅसिव्ह, किंवा अजून जागा न झालेला ऍक्टिव्ह. शेवटची शक्यता विसरू नका. टॉर्पेडो काही अंतर गेल्यावरच शोधायला सुरुवात करतो.

थर्मल लेयरखाली गेलो की सुरक्षित का?

सुरक्षित नाही, पण बरं.

पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १५०० मीटर असतो. पाणी गार झालं की तो कमी होतो, दाब वाढला की थोडा वाढतो. वरचं कोमट पाणी जिथे संपून खालचं गार पाणी सुरू होतं, तिथे वेग झपाट्याने बदलतो आणि आवाज वाकतो. त्यामुळे थराच्या वर वाजलेलं खाली नीट पोचत नाही, खालचं वर नाही. टॉर्पेडो थराच्या वर फिरत असेल आणि तुम्ही खाली गेलात, तर त्याच्या कानांवर गोधडी पडल्यासारखं होतं. जवळून मात्र गोधडीतूनही ऐकू येतं.

माझा नियम साधा आहे: टॉर्पेडो ज्या बाजूला आहे तिच्या विरुद्ध बाजूला जायचं, आणि नॉइझमेकर थर ओलांडायच्या आधी टाकायचा, म्हणजे आमिष त्याच्या खोलीत राहतं आणि आपण दुसऱ्या. शत्रूची पाणबुडीही थराखाली असेल तर हीच युक्ती उलट करावी लागते, वर यावं लागतं. ते जिवावर येतं, पण करावं.

उथळ पाण्यात थर बितर काही नाही. तिथे सांभाळायचा तो तळ. टॉर्पेडो चुकवताना पूर्ण वेगाने नाक खाली करून मी स्वतःच समुद्रतळाला धडकलोय, तेही एकदा नाही.

'नकल' म्हणजे काय?

वेगात असताना सुकाणू पूर्ण वळवला की पाणबुडीच्या मागे पाण्यात एक घुसळलेली गाठ उरते. सोनारला ती काही क्षण वस्तूसारखी दिसते, म्हणजे फुकटचा, पण कमजोर नॉइझमेकर. फक्त तिच्यावर विसंबू नका. जोरात वळल्यावर वेगही पडतो. वळायचंच आहे, तर नॉइझमेकरबरोबर ही गाठ आपोआप मिळते, एवढंच.

शत्रूचा टॉर्पेडो वायरवर असेल तर?

वायर म्हणजे टॉर्पेडोला सोडणाऱ्या पाणबुडीशी जोडणारी तार, तिच्यावरून त्याला हुकूम जातात. म्हणजे तुम्ही टॉर्पेडोशी लढत नाही, तो चालवणाऱ्या माणसाशी लढताय. तुम्ही आडवे गेलात की तो टॉर्पेडोही आडवा वळवतो. नॉइझमेकर टाकलात तर तो ओळखून पुढे काढतो.

यावर उपाय म्हणजे त्या माणसाला दुसरं काम देणं. टॉर्पेडो ज्या दिशेने आला त्याच दिशेने लगेच एक आपला सोडा. नेम लागायची अपेक्षा नको. त्याच्या सोनारवर "टॉर्पेडो पाण्यात" अशी हाक गेली की त्याला वळावं लागतं, वेग वाढवावा लागतो, आणि वायर तुटते. आता त्याचा टॉर्पेडो पोरका झाला. त्याला चुकवणं पुष्कळ सोपं. या घाईच्या उत्तराला पाणबुडीवाले स्नॅपशॉट म्हणतात, आणि त्यासाठी टॉर्पेडो सोडायची एक नळी कायम भरलेली ठेवावी हे मी अनुभवाने शिकलो. चारही नळ्या एकाच ताफ्यावर रिकाम्या करून मग शत्रूची पाणबुडी भेटणं यासारखं वाईट काही नाही.

वायर तुमचीही तुटते हे ध्यानात असू द्या. जोरात पळालात, वळलात, की तुमचा टॉर्पेडोही पोरका.

हेलिकॉप्टरने टाकलेला टॉर्पेडो चुकवताच येत नाही. खरंय का?

अवघड आहे, कारण वरचं सगळं गणित अंतरावर उभं आहे आणि इथे अंतरच नसतं. तो थेट डोक्यावर पडतो आणि पाण्यात शिरताच गोल फिरत शोधायला लागतो. सोव्हिएत जहाजांवरचं एस-एस-एन-१४ क्षेपणास्त्रही शेवटी असाच एक टॉर्पेडो पाण्यात सोडतं.

पण तो लहान असतो. पल्ला कमी, स्फोटकं कमी. पडल्याचा आवाज आला की विचार करत बसू नका: गोळा टाका, पूर्ण वेग, खोल, आणि त्याच्या वर्तुळातून सर्वांत जवळच्या बाजूने बाहेर. इथे गुपचूप जाण्यात काही अर्थ नाही, कारण हेलिकॉप्टरला तुम्ही सापडला आहात म्हणूनच त्याने तो टाकला. त्यातून वाचलात की मग शांत व्हा आणि दिशा बदला. दुसरा टॉर्पेडो तुम्ही पळत असलेल्या रेषेवरच पडणार आहे.

आणि जहाजांवरून धडाधड येतात ते?

ते टॉर्पेडो नव्हेत. ती आर-बी-यू, म्हणजे पाणबुडीवर मारायची सोव्हिएत रॉकेटं. आर-बी-यू-६००० ला बारा नळ्या आणि पल्ला सहा किलोमीटरच्या आसपास. त्यांना भुलवता येत नाही. तेवढ्या जवळ जाऊ नका.

माझाच टॉर्पेडो माझ्यावर उलटला. हा गेममधला बग आहे का?

नाही. टॉर्पेडोला आपला-परका कळत नाही. तुम्ही तो सोडून त्याच्याच शोधपट्ट्यात शिरलात, किंवा वायर तुटल्यावर तो फिरत फिरत तुमच्याकडे वळला, तर त्याच्या दृष्टीने तुम्ही एक मोठा आवाज आहात. सोडल्यावर बाजूला व्हा, आणि शक्य असेल तर तुमच्यात आणि त्याच्या शोधाच्या जागेत खोलीचा फरक ठेवा.

खऱ्या युद्धात हे घडलंय. अमेरिकन पाणबुडी टँगने १९४४ च्या ऑक्टोबरात, २४-२५ च्या रात्री, तैवानच्या सामुद्रधुनीत आपला शेवटचा टॉर्पेडो सोडला. मार्क-१८, विजेवर चालणारा, आणि आवाज ऐकून मागे लागणारासुद्धा नव्हे. त्याचा सुकाणू अडकला आणि तो गोल फिरून परत आला. पृष्ठभागावर असलेल्या टँगने पूर्ण वेग देऊन वळायचा प्रयत्न केला, पण तो मागच्या भागात लागलाच. नऊ जण वाचले, त्यांत कॅप्टन रिचर्ड ओकेन होते. टॉर्पेडो जवळून आला की पाणबुडीचं वजन कसं आड येतं, याचं यापेक्षा कडू उदाहरण मला माहीत नाही.

खऱ्या पाणबुड्या टॉर्पेडो असाच चुकवतात का? की गेमवाल्यांनी रचलेलं आहे?

ढोबळ कल्पना खऱ्या आहेत. आमिष दाखवायची युक्ती दुसऱ्या महायुद्धातली. जर्मनांनी १९४३ च्या सप्टेंबरात आवाजामागे जाणारा टॉर्पेडो वापरायला काढला, त्सॉनक्योनिग नावाचा, २४ नॉटचा. त्यावर ब्रिटिशांनी जहाजामागे दोरीने ओढायचा एक खडखडाट करणारा सांगाडा काढला, फॉक्सर. टॉर्पेडो त्याच्याकडे जायचा. गंमत म्हणजे त्या खडखडाटात जहाजाचं स्वतःचं सोनारही बहिरं व्हायचं. गेममध्ये चार नॉइझमेकर एकदम टाकल्यावर आपली जी अवस्था होते तीच.

आपल्या नौदलाच्या युद्धनौकांसाठीही अशी प्रणाली आहे, डीआरडीओच्या प्रयोगशाळांनी तयार केलेली आणि २०२० च्या नोव्हेंबरात नौदलात दाखल झालेली. जहाजामागे ओढायचं आमिष आणि सोडून द्यायची आमिषंही त्यात आहेत. तिचं नाव मारीच. सोन्याचं हरीण होऊन रामाला दूर नेणारा तोच. यापेक्षा नेमकं नाव कोणी ठेवू शकलं नसतं.

आणि पाण्याखालच्या पाणबुडीने पाण्याखालच्या पाणबुडीला बुडवल्याची युद्धातली एकच घटना नोंदलेली आहे. ९ फेब्रुवारी १९४५, नॉर्वेच्या फेद्ये बेटाजवळ. ब्रिटिश व्हेंचरर तासन् तास जर्मन यू-८६४ च्या मागे राहिली. तिचे कॅप्टन जेम्स लाँडर्स यांनी समोरची पाणबुडी नागमोडी जातेय हे ओळखलं, कागदावर तिची पुढची जागा आणि खोली मांडली, आणि चार टॉर्पेडो काही सेकंदांच्या अंतराने, वेगवेगळ्या खोलीवर सोडले. यू-८६४ ने आवाज ऐकून खोल जात वळण घेतलं आणि तीन चुकवले. चौथ्याच्या वाटेत ती स्वतःच गेली. ही गोष्ट मी नेहमी सांगतो, कारण गेममध्येही मरणारे पहिल्या टॉर्पेडोने क्वचितच मरतात. पहिला चुकवण्यासाठी जिथे वळलो, तिथे दुसरा असतो.

म्हणजे दोन टॉर्पेडो एकदम आले तर करायचं काय?

त्यांना एका रांगेत आणायचं. दोघे पसरून आले असतील आणि तुम्ही मधोमध असाल, तर एकाला चुकवताना दुसऱ्याला कूस दाखवता. म्हणून एका टोकाकडे आडवे निघा, जवळच्या टॉर्पेडोच्या बाहेरच्या अंगाला. थोड्या वेळाने दोघेही तुमच्या एकाच बाजूला, एकामागे एक येतात. मग एकच नॉइझमेकर दोघांच्या वाटेत पडतो.

प्रत्येकासाठी वेगळं वळण घ्यायला गेलात की वेग संपतो. दर कडक वळणाला काही नॉट जातात, आणि तिसऱ्या वळणानंतर तुम्ही पाण्यात उभे असता.

मॉस डिकॉय कधी वापरू?

तो नॉइझमेकरच्या जागी नाही. मॉस पाणबुडीसारखा आवाज करत स्वतः चालत जातो, पण नळीतून सोडावा लागतो, म्हणजे आधीच भरून ठेवलेला हवा. टॉर्पेडो हजार मीटरवर आल्यावर भरायला घेतलात तर तो भरेपर्यंत शोकसभा होईल. शत्रू शोधत असतो, अजून टॉर्पेडो सोडलेला नसतो, तेव्हा मॉस एका दिशेला पाठवून आपण दुसऱ्या दिशेने हळू सटकायचं, हा त्याचा खरा उपयोग. मी चारातली एक नळी त्यासाठी ठेवायचो. आता ठेवत नाही, ती नळी स्नॅपशॉटला जास्त कामी येते. यावर आमच्यात अजून वाद आहेत.

इमर्जन्सी ब्लो करून एकदम वर आलं तर?

टाक्यांत हवा भरून पाणबुडी बुचासारखी वर येते, खोली झपाट्याने बदलते, एक-दोनदा टॉर्पेडो खालून निघून गेलाही आहे. पण वर आल्यावर लगेच पुन्हा खाली जाता येत नाही, आणि आसपास जहाजं असतील तर त्यांच्या तोफा आहेत. एकट्या पाणबुडीशी सामना असेल आणि दुसरं काहीच उरलं नसेल तरच.

गेममधली १९६८ ची मोहीम सोपी की १९८४ ची?

चुकवण्यापुरतं बोलायचं तर १९६८. तिथली अमेरिकन पाणबुडी स्किपजॅक गोंगाट करते, पण पाण्याखाली तीस नॉटच्या वर धावते, आणि त्या काळचे टॉर्पेडो मंद बुद्धीचे. दुःख वेगळंच आहे: तुमचा मार्क-३७ टॉर्पेडो फक्त २६ नॉटचा, त्यामुळे शत्रूही तुमच्यासारखाच पळून सुटतो. १९८४ मध्ये लॉस एंजेलिस शांत आहे, मार्क-४८ जबरदस्त आहे, पण समोरूनही तसंच काहीतरी येतं आणि आकाशातून जास्त येतं. नवख्याने १९६८ पासून सुरू करावं. तिथे चूक सुधारायला वेळ मिळतो.

लागलाच टॉर्पेडो, तर गेम संपला का?

मोठा असेल तर बहुधा संपला. हवेतून पडलेला लहान असेल तर शक्यता उरते. अमेरिकन मार्क-४६ सारख्या लहानात सुमारे ४५ किलो स्फोटकं, मार्क-४८ सारख्या मोठ्यात तीनशे किलोच्या जवळपास. पाणी आत येतंय हे दिसताच खोली कमी करायला लागा, कारण खोलवर दाब जास्त, म्हणजे पाणी जास्त वेगाने शिरतं. वेग असेपर्यंत पाणबुडीच्या बाजूच्या आडव्या पंखांच्या जोरावर वर येता येतं. वेग गेला की फक्त टाक्या.

सराव कसा करू? मोहिमेत दर वेळी मरून कंटाळा आला.

क्विक मिशनमध्ये उघड्या, खोल समुद्रात एकच शत्रू पाणबुडी घ्या. मग स्वतःचं अस्तित्व दाखवण्यापुरता एक टॉर्पेडो त्याच्या दिशेने सोडा आणि पुढे काहीही सोडू नका. फक्त चुकवा. माझा भाचा बारावीच्या सुट्टीत आला होता, त्याला मी हाच खेळ दिला. पहिल्या संध्याकाळी तो सात वेळा बुडाला. तिसऱ्या दिवशी त्याने एका मिशनमध्ये पाच टॉर्पेडो चुकवले आणि सहाव्याच्या वेळी जेवायला हाक आली म्हणून उठून गेला. टाइम कम्प्रेशन चालू ठेवून.

हे सगळं 'डेंजरस वॉटर्स' या पाणबुडीच्या दुसऱ्या गेममध्ये चालेल का?

अंतराचा हिशोब, थर, बॅफल्स, स्नॅपशॉट, सगळं चालेल. फरक इतकाच की तिथे आमिषंही ऍक्टिव्ह आणि पॅसिव्ह अशी वेगळी असतात, चुकीचं टाकलं तर टॉर्पेडो त्याच्याकडे बघतही नाही. आणि बाहेरून पाणबुडी बघत सुकाणू धरायची सवय लागली असेल तर ती मोडावी लागेल. तिथे बहुतेक वेळ सोनारच्या धबधब्यासमोर, म्हणजे आवाजाच्या रेषा वरून खाली सरकणाऱ्या पडद्यासमोर, बसून काढायचा असतो.